सुखनेवरच्या आत्या

"तुमचे मिस्टर कुठे असतात?" हा प्रश्न चंदीगडच्या मराठी मंडळात नव्या बाईला पहिल्याच भेटीत विचारला जाई. त्यात वाईट हेतू नसे. सगळेच बदलीवर आलेले. कुणाचे यजमान सचिवालयात, कुणाचे हॉस्पिटलात, कुणाचे, माझ्या वडिलांसारखे, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत. एवढं कळलं की बाईला कुठे बसवायचं ते ठरत असे. आत्यांना तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विचारला गेला. मी तिळगुळाचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. आत्यांनी हातातला तिळाचा लाडू आधी नीट खाऊन संपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परभणीला. दुसऱ्या बायकोबरोबर. मजेत असतील, मी काही विचारायला गेले नाही."

कुंकवाची कोयरी घेऊन निघालेल्या काकू आत्यांच्या समोर येऊन थबकल्या. लावावं की न लावावं, हे त्यांना ठरवता येईना. आत्यांनी स्वतःच बोट बुडवलं आणि कपाळावर ठसठशीत टेकवलं. "नवरा आहे की नाही, याची पंचाईत माझ्या कपाळाने काहून करायची?" त्या म्हणाल्या. घरी आल्यावर क्वार्टरचं दार उघडताना आई एवढंच म्हणाली, "किती मोठ्याने बोलल्या ना त्या!" तिच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या पाठककाकांच्या थोरल्या बहीण. पाठककाका वडिलांच्याच प्रयोगशाळेत होते आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांची मुलं आत्या म्हणत, म्हणून आम्ही म्हणू लागलो. मग आई, वडील, दूधवाला सरदारजी, सगळेच म्हणू लागले. माहूरजवळच्या गावात जन्मलेल्या, लग्न होऊन परभणीला गेलेल्या. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी घरात आणली आणि एका सकाळी त्यांची ट्रंक ओसरीवर ठेवून दिली. हे सगळं आम्हाला त्यांच्याच तोंडून कळलं. मंडळातल्या बायकांना कुजबुजायला त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

त्यांची मराठी माहूरकडची, आणि हिंदी तर त्याहून निराळी. निजामाच्या राज्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे नकार द्यायचा असला की तोंडात 'नक्को' येई. चंदीगडच्या भाजीवाल्यांना हा शब्द इतका आवडला की आत्या दिसल्या की ते मुद्दाम सडका टमाटा पुढे करत आणि "नक्को, भैया, नक्को!" ऐकून खूश होत. आत्याही हसत. पण तोच शब्द त्या गंभीरपणे म्हणाल्या, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही हे त्या भाजीवाल्यांनाही समजे.

सुखना तलाव त्यांना पहिल्यांदा आम्हीच दाखवला. रविवारची संध्याकाळ होती. मंडळी बांधावरून फेऱ्या मारत होती, समोर शिवालिकच्या टेकड्या निळ्या होत चालल्या होत्या. आत्या कठड्याशी उभ्या राहिल्या त्या हलेचनात. पैनगंगेच्या काठी वाढलेली बाई; लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने एवढं पाणी पाहिलंच नव्हतं. एकाएकी त्या पायऱ्या उतरून धक्क्यावर गेल्या आणि तिथल्या माणसाला म्हणाल्या, "हमकू एक नाव देव."

त्याने त्यांच्याकडे, मग आईकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "बीबीजी, साथ में कोई मर्द नहीं है?"

"काहेकू? नाव मरद से चलती कि चप्पू से?"

रांगेतली माणसं हसली. तो माणूस चिडला. बायकांना एकटं सोडायचा नियम नाही, म्हणाला. आत्यांनी नियम कुठे लिहिलाय ते विचारलं. त्याने साहेबांचं नाव पुढे केलं. साहेब रविवारी नव्हते. आत्या सोमवारी आल्या, मंगळवारी आल्या. सेक्टर तीसहून तलावापर्यंत त्या चालत येत. साहेब भेटले तेव्हा आत्यांनी एकच गोष्ट केली. चप्पल काढली, पदर खोचला, आणि धक्क्यावरून पाण्यात उडी मारली. पोहत पोहत बांधलेल्या होड्यांना वळसा घालून परत आल्या, निथळत साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि विचारलं, "अब बोलो, डूबेगी कौन?" त्या दिवसापासून त्यांना होडी मिळू लागली. धक्क्यावरचा तो माणूस पुढे त्यांचा इतका पक्का मित्र झाला की त्यांच्यासाठी हलकी वल्ही बाजूला काढून ठेवी.

पाठककाकूंना हे मुळीच मानवलं नाही. भिजलेल्या साडीत नणंद भर रस्त्याने घरी आली, हे त्यांना कितीतरी दिवस पुरलं. साडी अडचणीची आहे हे आत्यांनी मात्र मान्य केलं. त्यांनी पाठककाकूंच्याच मशीनवर स्वतःसाठी सलवार-कमीज शिवले आणि ते घालून गणपतीच्या आरतीला आल्या. आमच्या आयांपैकी तोवर कुणी तो वेष घातला नव्हता. "या वयात?" असं कुणीतरी म्हणालं. "याच वयात," आत्या म्हणाल्या, "तरुणपणी घातला असता तर सासूने जाळला असता."

तंबूंची कल्पना त्यांच्या डोक्यात कशी आली ते ठाऊक नाही. मंडळाच्या सहली आधीही निघत. कसौलीला, पिंजोरच्या बागेत. पुरुष पत्ते खेळत, बायका सतरंजीवर बसून पुऱ्या वाढत, आणि संध्याकाळी डबे धुऊन परत. आत्या अशा एका सहलीहून आल्या त्या रागावूनच. "घरातला ओटा उचलून झाडाखाली नेला, याला सहल म्हणतात?" पुढच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं की मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, बायका आणि मुली रेणुकेच्या तलावावर मुक्कामाला जाणार. तंबूत राहणार. पुरुषांनी घरी राहावं आणि आपलं आपण शिजवून खावं.

रेणुका तलाव सिरमौरच्या डोंगरात. नाहनपर्यंत एक बस, पुढे दुसरी. मंडळाचे अध्यक्ष सौम्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "कल्पना उत्तम आहे, पण सोबत कोण?"

"आम्ही एकमेकींच्या सोबत."

"तसं नव्हे, जबाबदार असं कुणी..."

"मग मला कोण समजता तुम्ही?"

वडिलांनी घरी येऊन सांगितलं की आपल्याकडून कुणी जाणार नाही. आई पोळ्या लाटत होती. तिने मान हलवली. ती नेहमीच मान हलवत असे. मंडळाच्या सभेत, शेजारपाजारी, कुठेही आईचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि तिने दिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आई आणि आत्या अंगणात जुनी, लष्कराने मोडीत काढलेली तंबूंची कापडं पसरून बसल्या होत्या आणि आई दाभणाने फाटकी शिवण शिवत होती. "नुसती शिवून देते आहे," ती मला म्हणाली. मे महिन्यात ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. वडिलांशी तिचं काय बोलणं झालं, हे तिने मला कधीच सांगितलं नाही.

रेणुकेला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. तलाव लांबट, झाडीने वेढलेला, आणि इतका शांत की आपण मोठ्याने बोलू नये असं वाटे. तिथले लोक सांगतात, सहस्रार्जुन पळवून न्यायला आला तेव्हा रेणुकामातेने पाण्यात उडी घेतली, आणि तलावाला निजलेल्या स्त्रीचा आकार आला. पुजाऱ्याकडून हे ऐकताना आत्या हात जोडून उभ्या होत्या. नंतर काठाने चालताना म्हणाल्या, "आमच्या माहूरला तिचं नुसतं मुख आहे. मुलाकडून मान तोडवली ना. लहानपणापासून मला वाटायचं, बाकीची बाई कुठे गेली? आज दिसली. ही काय, हातपाय पसरून पडलीय." असं म्हणून त्यांनी वाकून पाण्याला हात लावला आणि तो ओला हात डोळ्यांना लावला. त्यांना मी देवापुढे इतकं हळवं झालेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

खुंट्या ठोकताना आमचे हात सोलवटले. चूल पेटेना. एका काकूंना विंचवाची भीती, एकींना माकडांची. पण दुसऱ्या दिवसापर्यंत बायकांचे आवाज बदलले. कुणी झाडावर चढलं. पन्नाशीच्या एक काकू पोहायला शिकायचं म्हणून कंबरभर पाण्यात उभ्या राहून किंचाळत होत्या. दुपारी कुणाला काय खायचं ते कुणी विचारत नव्हतं. ज्या भुकेल्या होत्या त्या आपापलं खात होत्या.

तिसऱ्या प्रहरी आत्या, आई आणि मी होडीतून पार पलीकडे गेलो होतो. परतताना वारा उठला. उत्तरेकडची आंधी कशी येते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आकाश पिवळं झालं, डोंगर दिसेनासे झाले आणि सपाट पाण्यावर लाटा उठल्या. होडी गोल फिरू लागली. आत्या एकट्या दोन्ही वल्ही मारत होत्या, पण होडी काठाऐवजी बोरूच्या दाट बेटाकडे ढकलली जात होती. आई दोन्ही हातांनी कड धरून "रामा, रामा" म्हणत होती.

"वहिनी, इकडे या! माझ्या शेजारी बसा. हे वल्हं धरा."

"मला येत नाही हो!"

"मला तरी या वाऱ्यात कुठे येतंय? धरा! मी ओढीन तेव्हा ओढा. माझ्याकडे बघू नका, पोरीकडे बघा!"

आई उठली. कशी उठली कोण जाणे. ती आत्यांच्या शेजारी बसली आणि माझ्यावर डोळे रोखून वल्हं ओढू लागली. मी समोर बसले होते. आईचा अंबाडा सुटला होता, दात आवळलेले होते, आणि तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आत्या "हं! हं!" असा ताल देत होत्या. होडी वळली. काठावरच्या बायका गुडघाभर पाण्यात शिरून दोर फेकत होत्या. आम्ही काठाला लागलो तेव्हा दोन तंबू झाडात अडकलेले होते आणि पुजारी धावत येऊन धर्मशाळेत चला म्हणत होता. आत्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जा. त्यात लाज नाही." कुणीच निघालं नाही. भिजलेल्या साड्यांत आम्ही तंबू परत ताणले.

घरी आल्यावर वडिलांनी आईचे तळहात पाहिले. फोड फुटून लाल झाले होते. "काय गरज होती?" ते म्हणाले. आईने हात मागे घेतले नाहीत. "वारा आला होता," ती म्हणाली आणि हसली. तेव्हापासून दर मे महिन्यात ती जात राहिली आणि वडील त्या दिवसांत खिचडी करायला शिकले.

माझं कॉलेज संपत आलं त्या हिवाळ्यात आत्यांचा नवरा चंदीगडला आला. आधी न कळवता. शाळेतले हेडमास्तर, कोटाच्या खिशाला पेन, पिकलेले केस. दुसरी बायको वारली होती, घरात दोन लहान मुलं होती. त्यांनी पाठककाकांचे पाय धरले. पाठककाका विरघळले. मंडळात बातमी पसरली आणि सगळ्यांनाच फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी बाईला तिचं घर मिळणार! अध्यक्ष स्वतः येऊन आत्यांना म्हणाले, "देवाने न्याय केला." पाठककाकूंनी साडी-चोळी आणून ठेवली. दोन दिवस आत्या कुणाशी बोलल्या नाहीत. आईसुद्धा त्यांना काही विचारायला धजली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या दारात आल्या. "चल ग," त्या मला म्हणाल्या, "ह्यांना तलाव दाखवू. माझ्या बोलण्याला कुणीतरी साक्षी पाहिजे."

धुकं नुकतंच वितळलं होतं. सायबेरियातून आलेली बदकं पाण्यावर शांत बसली होती. हेडमास्तर होडीत बसायला तयार नव्हते. त्यांना पाण्याची भीती वाटे. धक्क्यावरच्या माणसाने त्यांना धरून बसवलं. आत्यांनी होडी तलावाच्या मध्यापर्यंत नेली आणि वल्ही आत घेतली.

"बोला," त्या म्हणाल्या. "घरात सगळे ऐकत असतात. इथे तुम्हाला मोकळं बोलता येईल."

त्यांनी घसा साफ केला. "झालं गेलं विसरून जा."

"विसरलेच होते. तुम्हीच आठवण करून द्यायला आलात."

"माझं चुकलं. पण पोरांचा काय दोष?"

"काहीच नाही." आत्यांचा आवाज खाली आला. "नावं काय त्यांची?" त्यांनी नावं सांगितली. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. मुलगी शाळेत हुशार आहे का, हे आत्यांनी विचारलं. मुलाला गोवर झाला होता तेव्हा कुणी पाहिलं, तेही विचारलं. हेडमास्तरांना धीर आला. "मग निघायची तयारी कर. परवाची तिकिटं काढतो."

"पोरांना सुट्टीत इकडे पाठवा. पोहायला शिकवीन, जेवू घालीन, माया लावीन. पण मी येणार नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"तुम्ही माझी ट्रंक ओसरीवर ठेवलीत, तेव्हा लोक काय म्हणाले होते?"

आत्या थांबून राहिल्या. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

"काही नाही," अखेर ते म्हणाले.

"मग आताही काही म्हणणार नाहीत."

हेडमास्तर संतापले. "तुझा माज उतरला नाही अजून!" असं म्हणत ते उठून उभे राहिले. होडी एका बाजूला कलली. मी ओरडले. आत्यांनी जागेवरून न हलता त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं. "बसा. होडीत उभं राहून भांडता येत नाही." ते कड घट्ट धरून बसले. आत्यांनी होडी वळवली. धक्का आला तेव्हा आत्या आधी उतरल्या आणि त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी तो धरला. बाहेर आल्यावर आत्यांनी त्यांना टपरीवर चहा पाजला, कारण थंडी होती आणि ते गारठले होते.

त्यानंतर मंडळाने आत्यांना माफ केलं नाही. टाकलेली बाई त्यांना चालत होती. बोलावणं नाकारणारी चालेना. पाठककाका वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही हे उमगलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली हैदराबादला झाली तेव्हा ते म्हणाले, "ताई, तू येणारच." आत्या म्हणाल्या, "नक्को." त्यांनी मुलींच्या एका शाळेत वसतिगृहाचं काम धरलं. पंजाबी आणि हरियाणवी मुली, उंच, दांडग्या, आईबापांना सोडून आलेल्या. आत्या त्यांना वल्हवायला शिकवत, मे महिन्यात रेणुकेला नेत, आणि त्यांच्याकडून पराठे लाटायला शिकत. एका सुट्टीत परभणीहून ती थोरली मुलगीही आली. हेडमास्तर तिला स्टेशनवर सोडून परस्पर परत गेले. बारा-तेरा वर्षांची असेल. पहिल्या दिवशी तिने मान खाली घालून विचारलं, "मी तुम्हाला आई म्हणू का?"

"आत्या म्हण," आत्या म्हणाल्या. "इथे सगळे तेच म्हणतात. ज्या आईने तुला वाढवलं तिचा शब्द तिलाच राहू दे."

परभणीला परत जाण्याआधी ती मुलगी सुखना आडवी पोहून गेली होती.

आत्या गेल्या त्या ऐन थंडीत. ताप छातीत उतरला आणि त्यांनी तो अंगावर काढला. हॉस्पिटलात आई रोज जाई. मी तेव्हा विद्यापीठात शिकवत होते, संध्याकाळी जात असे. एकदा एक तरुण मराठी डॉक्टर आपुलकीने म्हणाला, "आजी, तुमचं इथे कुणी नाही का?" आत्यांनी ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "बाहेर जाऊन बघ," त्या म्हणाल्या. व्हरांड्यात वसतिगृहाच्या मुली जमिनीवर बसलेल्या होत्या, कुणी अभ्यास करत, कुणी रडत. परिचारिका त्यांना हाकलून थकल्या होत्या.

मंडळाने रविवारी सकाळी शोकसभा ठेवली. इतक्या वर्षांत दुरावा आला होता, पण गेलेल्या माणसाची सभा घ्यायची पद्धत होती. सभागृह अर्धं भरलं होतं. वसतिगृहाच्या मुलीही आल्या आणि पुढच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. अध्यक्ष आता म्हातारे झाले होते. ते उभे राहून मनापासून बोलू लागले. "बिचारीच्या वाट्याला संसारसुख आलं नाही. नवऱ्याने टाकलं, नशिबाने साथ दिली नाही, आयुष्यभर एकटीने..."

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. आई उभी राहिली होती. साठीकडे झुकलेली माझी आई, जिने मंडळात हजेरीपलीकडे काही केलं नव्हतं. तिचा आवाज थरथरत होता. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला बसवायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"त्यांना बिचारी म्हणू नका. त्या इथे असत्या तर तुम्हाला मधेच अडवलं असतं. त्या नाहीत, म्हणून मी अडवते. त्यांच्या वाट्याला काय आलं नाही ते तुम्ही सांगताय. त्यांनी काय घेतलं, ते मला माहीत आहे. नवरा दारात उभा होता, तरी त्या गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं आयुष्य स्वतः निवडलं. आपल्यापैकी किती जणींनी निवडलं, हे आपण घरी जाऊन बघू. इथे रडायचं तर त्या गेल्या म्हणून रडा. त्या तशा जगल्या म्हणून रडू नका."

अध्यक्ष कागद हातात धरून उभे होते. मग पुढच्या सतरंजीवरून एका मुलीने मान वळवून विचारलं, "आंटीजी, आपने क्या कहा?"

आईला हिंदी कधीच नीट आली नाही. बाजारात ती मला पुढे करत असे. माझ्याकडे तिने क्षणभर पाहिलंही. मी उठायच्या आत ती खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढे गेली, मुलींच्या समोर उभी राहिली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, लिंगवचनाच्या सगळ्या चुका करत, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी तिचा आवाज थरथरला नाही.